रिपोर्ट नॉर्मल आले तरी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर पोटदुखीबद्दल तू म्हणालीस, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत बाबा, म्हणजे माझंच काहीतरी." ते 'माझंच काहीतरी' रात्रभर डोक्यातून गेलं नाही, कारण ते तुला मीच शिकवलंय. सहावीत असताना गणिताच्या पेपरच्या सकाळी तू पोट धरून पलंगाच्या कडेवर बसली होतीस आणि मी म्हणालो होतो, "नाटकं पुरेत." शाळेच्या फाटकाशी तुला उलटी झाली. माझं चुकलं, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पोट खरंच दुखतं गं. १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधी पुरतं बुजलं नाही. विल्यम बोमाँट नावाचा डॉक्टर त्यातून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडायचा आणि काय होतं ते टिपून ठेवायचा. (त्या बिचाऱ्याचे किती हाल झाले असतील!) तो चिडला की त्याचं पचन बिघडतं, हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसलं. राग डोक्यात आणि परिणाम जठरात. धास्तीचंही तसंच: रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं. धोका जिवाचा की पेपरचा, याची चौकशी शरीर करत बसत नाही.

आणि हे पोटापुरतंच नाही. १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा सारखीच छोटी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेतली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. जखमेला काय नाटक करता येतं?

पण आता दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. अल्सर झाला की 'फार काळजी करतो' म्हणून माणसालाच बोल लावायची पद्धत होती. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी बहुतेक अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असतो हे दाखवलं. कुणी ऐकेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच पिऊन जठराला सूज आणवली! दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा कुणी 'मन खंबीर ठेव, सगळं जाईल' म्हणालं तर हो म्हण आणि सोडून दे. वजन उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा दुखण्याने रात्री जाग यायला लागली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट दाखवून 'तपासणी आधीच झालीय' म्हणू नकोस.

एक गंमत करून बघ. मनगटावर बोट ठेवून नाडी पकड आणि सावकाश श्वास घे, सोड. श्वास घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. म्हणून मी श्वास सोडायला जास्त वेळ घेतो. पोटदुखी त्याने जाईलच असं नाही, पण ठोके उतरतात.

माझंही ऐक. दवाखान्यात माझं बीपी दरवेळी चढतं, घरी मोजलं की बरं असतं. आई म्हणते, "पट्टा बांधणारी बाई दिसली की तुमचा चेहराच पडतो." डॉक्टरांनी मला नाटकी म्हटलं नाही, घरचे आकडे वहीत लिहून आणायला सांगितले. तूही दुखलं की वेळ आणि त्याआधी काय चाललं होतं ते लिहून ठेव. रविवारी फोनवर वाचून दाखव, मी मध्ये बोलणार नाही.

तुझे,
बाबा