‘ननद’ नव्हे, ‘नणंद’

महोदय,

इंदूरमधल्या मराठी लग्नपत्रिकांत ‘ननद’, ‘ननंद’ छापलेले दिसते. मराठी रूप ‘नणंद’ आहे: आधी न, मग ण आणि त्यावर अनुस्वार. मूळ संस्कृत ‘ननान्दृ’. शब्दाच्या मध्यातला एकेरी न प्राकृतातून मराठीत ण होऊन आला, हिंदीत मात्र नच राहिला. ‘पानीय’चे आपल्याकडे पाणी, तिकडे पानी, तसेच हे. अनेकवचन ‘नणंदा’, प्रत्यय लागल्यावर ‘नणंदेला’, ‘नणंदेचा’; ‘नणंदला’ मात्र चूक. ‘न नन्दति’, म्हणजे कधीच संतुष्ट न होणारी, ही जुनी फोड नात्यावर अन्याय करते, ती मुलींना शिकवू नये. पत्रिका हिंदी छापखान्यात देताना प्रूफ घरच्या मराठी जाणकाराने ण पाहूनच पास करावे.

– एक वाचक, इंदूर