यादी घेऊन ये

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज इतका भरून आला होता की मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुमचं विधेयक समितीतच बारगळलं. "विरोधकांनी मारलं, बाबा," असं तू म्हणालीस. असेलही. मला मात्र २०१९चा जून आठवला.

तू तेव्हा शाळेत होतीस. आपल्या ओरेगॉन राज्यातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारं आणि परवान्यांच्या खरेदी-विक्रीची सोय करणारं विधेयक १७ जूनला प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. मग ते सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, गेलं. तिथे जागा ३०, कोरम (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) २०चा, विधेयकाच्या बाजूचे आपले डेमोक्रॅट १८. कोरम होऊ नये म्हणून विरोधी रिपब्लिकन सरळ राज्य सोडून गेले! गव्हर्नर केट ब्राउन यांनी त्यांना आणायला पोलीस सोडले. पण शेजारच्या आयडाहो राज्यात आपल्या पोलिसांचं काय चालणार?

मी सुटी काढून राजधानीत, सेलमला, गेलो होतो. विधिमंडळाभोवती लाकडं वाहणाऱ्या ट्रकांची रांग, हॉर्न असे की छातीत धडधडावं. एका ट्रकवाल्याने डिझेलची चुरगळलेली पावती माझ्यापुढे धरली. "या विधेयकाने हे वाढलं तर ट्रकचे हप्ते तू भरणार का?" मी गप्प. वर त्यानेच मला पाणी दिलं.

खरी मेख त्याच्या दोन दिवस आधीच उघड झाली होती. सिनेटचे अध्यक्ष पीटर कोर्टनी, म्हणजे आपल्याच बाजूचे, सांगून मोकळे झाले की विधेयकापुरती मतंच नाहीत. लागत होती १६, घरात माणसं १८, तरी भरती होईना! पळालेल्यांच्या नावाने आम्ही शंख करत होतो आणि छप्पर आमचंच गळत होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच सभात्याग. मग ब्राउन यांनी उत्सर्जन कमी करण्याचा आदेश काढला, त्यातून निघालेले नियम २०२३ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेतल्या चुकीवरून रद्द केले, २०२४ मध्ये ते पुन्हा आणले. अधेमधे, २०२१ मध्ये, २०४० पर्यंत स्वच्छ विजेचा कायदा मात्र झाला. त्याच्यासाठी ट्रक आले नव्हते, एवढं मला आठवतं.

तुमच्या बाजूच्या किती जणांनी तोंडावर "हो" म्हटलं होतं? हसून मान हलवणारे त्यात धरू नकोस. नावं लिहून रविवारी घेऊन ये, बसून बघू. आई म्हणते, जेवूनच जा.

तुझा,
बाबा