बालवर्गातला समुद्र थर्माकोलचा नको

संपादक महोदय,

8 जूनला जागतिक महासागर दिन असतो. त्या निमित्तानं शाळा उघडल्या की हल्ली बालवर्गांत ‘समुद्र दिवस’ करतात. माझी नात पुण्यात बालवर्गात आहे. यंदा तिच्या शाळेतून चिठ्ठी आली: निळा फ्रॉक, थर्माकोलचा डॉल्फिन, चमकीची पुडी. मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावात 26 वर्षं अंगणवाडी सेविका होते, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

त्या दिवशी मी पुण्यातच होते. शाळेतून आल्यावर नातीच्या खिशात तीन रंगीत मणी सापडले, मोहरीपेक्षा जरा मोठे. वर्गात टबभर पाण्यात असे मणी फुगवून समुद्र केला होता आणि मुलं त्यात हात घालून खेळली होती. मी त्यातला एक मणी वाटीत भिजत घातला. सकाळी तो गोटीएवढा झालेला. मुलानं तो गिळला तर पोटातही असाच फुगतो आणि आतडं अडवू शकतो. एक्स-रेमध्ये तो सहसा दिसतही नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही लवकर कळत नाही. अमेरिकेत 2023च्या अखेरीस मोठ्या विक्रेत्यांनी मुलांच्या खेळासाठी हे मणी विकणं थांबवलं. आपल्याकडे ते अजून सहज मिळतात. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात ते अजिबात नकोत, अशी माझी सगळ्या शिक्षिकांना हात जोडून विनंती आहे. फुगणारं काही दाखवायचंच असेल तर सब्जा भिजवा. आमच्या अंगणवाडीतली मुलं भिजलेला सब्जा बघून “गाबोळी! गाबोळी!” असं ओरडायची, कारण माशाच्या पोटातली अंडी त्यांनी घरी पाहिलेली असायची.

थर्माकोलचं काय सांगू? सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पावसाळ्यात उधाण आलं की त्याचे तुकडे आमच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, येऊन पडतात, आणि वाळूत मिसळले की वेचताही येत नाहीत. समुद्राचं कौतुक करायला तेच वापरायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

मला एकदा तयार तक्त्यांचा संच मिळाला होता. पहिल्याच तक्त्यावर पेंग्विन. एका खलाशाच्या मुलानं तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, “बाई, ह्यो कुठल्या जाळ्यात गावतो?” त्याला पापलेट, बांगडा, मोरी, सौंदाळा असे कितीतरी मासे ओळखता येत होते. पापलेट 2023 साली राज्यमासा झाला, पण त्या संचात पापलेट नव्हता. त्या दिवसापासून मी तक्ते भिंतीवरून काढले आणि मुलांना घरून समुद्र आणायला सांगितला.

कुणी शिंपल्या आणल्या, कुणी फाटक्या जाळ्याचा तुकडा, कुणी बाटलीतून खारं पाणी. ते पाणी आम्ही पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवलं. चार-पाच दिवसांनी थाळीच्या कडेला पांढरी खर धरली. मुलांनी बोटाला लावून चाखली आणि मीठ कुठून येतं ते त्यांना मी न सांगता कळलं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, हे मी त्यांच्या आयांना सांगितलं. त्यांनाही ते नवीन होतं.

शिंपल्यांचा आवडता खेळ म्हणजे जोडी लावणं. शिंपलीला दोन झाकणं असतात, वाहून येताना ती सुटतात. ढिगातून नेमकं जुळणारं झाकण शोधायचं. आकार, रेघा, रंग, बिजागरीची जागा, सगळं बघावं लागतं. एरवी एका जागी न बसणारी मुलं यात पाऊण पाऊण तास रमायची.

भरती-ओहोटीसाठी भिंतीवर रोज एक खूण करायचो. येताना पाणी कुठवर होतं ते मुलं सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशोब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. गणित माझं, पण भरती रोज थोडी उशिरा येते हे महिन्याभराच्या खुणा बघून एका मुलीनं आपणहून ओळखलं.

आणि कासवं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून त्यांची घरटी राखली जातात. एका घरट्यात शंभरेक अंडी, म्हणून आम्ही अंगणात दीड फुटाचा खड्डा करून त्यात मोजून शंभर चिंचोके पुरले. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते, असं सांगितल्यावर एकजण रडवेला झाला. “मग त्यांना भरवतं कोण?” त्या प्रश्नावर आमचा आठवडा गेला.

हे सगळं जूनमध्ये होत नाही. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, 31 जुलैपर्यंत मासेमारीही बंद असते. मुलांना पाण्याजवळ नेताच येत नाही. म्हणून मग निळा कागद आणि टब. शाळांनी समुद्राचा आठवडा जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावा. ओहोटीला पुळण लांबवर मोकळी असते, खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते, नशीब असेल तर कासवाची पिल्लंही दिसतात.

माझं हे काही नवीन शहाणपण नाही. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करायला गेल्या आणि अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी समुद्राकाठचंच गाव. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हेच त्यांचं साहित्य. आज आपण त्यासाठी पैसे मोजून प्लास्टिक आणतो.

पुण्यात किंवा लातुरात समुद्र कुठून आणायचा, असं शिक्षिका विचारतील. मी नातीच्या बाईंना बुटांच्या खोक्यात शिंपल्या पाठवल्या: रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या, धारेच्या वगळून. त्यांनी आनंदानं घेतल्या आणि आता आणखी मागवल्या आहेत. कोकणात ओळखीचं माणूस प्रत्येक शाळेत कुणा ना कुणाचं असतंच, त्याला सांगावं. जिवंत शंख किंवा तारामासा मात्र उचलू नये, काही जातींना कायद्याचं संरक्षणही आहे. नात हल्ली रोज रात्री फोनवर विचारते, “आजी, आत्ता भरती आहे की ओहोटी?” मी कॅलेंडरवरची तिथी बघून सांगते.

एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी