वैशे, ये तू, पण आधी कागद वाच

प्रिय वैशे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, भाजी चिरता चिरता ऐकला म्हणून मधला थोडा भाग कुकरच्या शिट्टीत गेला, पण मुद्दा कळला. परी आता शाळेत जायला लागलीय, बँकेतलं टेस्टिंग सोडून बराच काळ झाला, आणि आता कुठल्यातरी परदेशी कंपनीने लिंक्डइनवर विचारलंय की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेन या सामाईक हिशोबवहीवर आपोआप पैसे फिरवणारा कोड, त्याच्या टेस्टिंगला येता का, काम घरून, पगार डॉलरमध्ये. आणि तुझा प्रश्न असा की बायकांसाठी हे क्षेत्र कसंय गं. आता हे मेसेजमध्ये कसं मावणार, म्हणून लिहायलाच बसले. घरचे सगळे लग्नाला गेलेत, मला कोड तपासणीची, म्हणजे ऑडिटची, डेडलाईन दाखवून सुटका करून घेता आली.

आधी तुझं ते "मला क्रिप्टोतलं काही कळत नाही" हे काढून टाक डोक्यातून. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर 'द डीएओ' नावाच्या फंडातून साधारण ३६ लाख इथर, म्हणजे तिथली नाणी, निघून गेले, त्या वेळच्या भावाने पाच कोटी डॉलर तरी असतील. का गेले माहितीये? तो कोड मागणाऱ्याला आधी पैसे पाठवायचा आणि मग त्याची शिल्लक कमी करायचा, बस एवढंच. पैसे हातात पडताहेत तोवर समोरच्याच्या कोडने परत मागितले, शिल्लक अजून पहिलीच दिसतेय म्हणून परत मिळाले, परत मागितले, असं चालूच राहिलं. याला रीएन्ट्रन्सी म्हणतात आणि आजही ऑडिटला बसलं की पहिल्यांदा हेच शोधतात. आता तू सांग, तू एटीएमचं टेस्टिंग करायचीस तेव्हा डेबिट पडायच्या आधी कॅश सुटली असती तर तुझ्या मॅनेजरने केवढा गोंधळ घातला असता! या कोडची सॉलिडिटी ही भाषा शिकायला तुला काही महिने लागतील, पण पैसे कुठून निसटू शकतात हे जे तुला बसल्या बसल्या दिसतं ना, ते कॉलेजातून आलेल्या हुशार पोरांना पण शिकवावं लागतं. आणि इथे कोड एकदा मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या चालू नेटवर्कवर, गेला की सहजासहजी बदलता येत नाही, त्यामुळे आधी तपासणाऱ्या माणसाला खरोखर किंमत आहे.

आता बाईपणाचं. मी सुरुवात ऑडिट कॉन्टेस्टने केली, म्हणजे कंपनी आपला कोड उघड्यावर ठेवते, जगभरचे लोक त्यातल्या चुका शोधतात आणि चूक जितकी गंभीर तितके पैसे, तीच चूक दहा जणांना सापडली तर ते पैसे वाटले जातात. तिथे नाव-गाव काही लागत नाही, एक टोपणनाव आणि कार्टूनचा फोटो. माझं टोपणनाव असं होतं की बाई की बाप्या काही कळू नये, आणि मुद्दामच तसं ठेवलं होतं. रिपोर्ट नुसत्या कोडवर तपासले जायचे, वाद झाला तरी कोडवर व्हायचा, आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या चॅट ग्रुपवर, मला सगळे "सर" म्हणायचे. मग एकदा एका व्हॉइस कॉलला माईक चालू केला आणि त्या संध्याकाळपासून "सर"चं "डिअर" झालं. आदल्या आठवड्यात ज्याने माझा रिपोर्ट वाचून तीन प्रश्न नीट विचारले होते तोच आता विचारतोय की हे तू एकटीने शोधलंस का. इनबॉक्समध्ये काय काय आलं ते जाऊ दे, तुला कल्पना आहे. अजूनही नवीन क्लायंटच्या कॉलवर मी आले की निम्म्या वेळा त्यांना वाटतं मी मार्केटिंगची किंवा कम्युनिटी सांभाळणारी. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी म्हणूनच टोपणनाव सोडत नाहीत. मला ते पटतं पण आणि राग पण येतो, कारण मग बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इथे बायका नाहीतच.

आधी याहून वाईट होतं म्हणे. २०१८ च्या जानेवारीत मायामीला मोठी बिटकॉइन परिषद झाली, ऐंशीहून जास्त वक्त्यांत बायका फक्त ३, आणि पार्टी ठेवली स्ट्रिप क्लबमध्ये! त्यावर खूप बोंब झाली तेव्हा कुठे लोक जरा शुद्धीवर आले. त्याच वर्षी आया मियागुची इथेरियम फाउंडेशनची कार्यकारी संचालक झाली, आणि ती आधी काय करायची सांगू, जपानमध्ये हायस्कूलची शिक्षिका होती. तू आईला हे सांग, काकूंना शिक्षिका म्हटलं की विश्वास बसतो.

आईवरून आठवलं, घरच्यांना समजावणं हा एक वेगळाच जॉब आहे. आपल्याकडे ब्लॉकचेन म्हटलं की लोकांना गेनबिटकॉइनचा घोटाळा आठवतो, त्याचा मुख्य आरोपी २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी पकडला होता ना, आमच्या लांबच्या काकांचे पण त्यात पैसे अडकले. आणि या क्षेत्रातली सगळ्यात प्रसिद्ध बाई कोण, तर वनकॉइन या बनावट नाण्याच्या घोटाळ्यातली रुजा इग्नाटोव्हा, २०१७ पासून फरार, एफबीआयच्या टॉप टेन यादीत, आणि गंमत म्हणजे तिच्या कॉइनच्या मागे धड ब्लॉकचेन पण नव्हती. सासूबाईंना मी ब्लॉकचेन म्हणजे काय ते शेवटी आपल्या सोसायटीच्या भिशीवरून सांगितलं की समजा भिशीची वही एकीकडे न ठेवता सगळ्या बायकांकडे एकेक प्रत आहे आणि पैसे दिले-घेतले की सगळ्यांनी एकदम लिहायचं, मग कोण खाडाखोड करणार. त्या म्हणाल्या मग भांडणं कमी होतील. मी तिथेच थांबले.

आता खरं महत्त्वाचं, इथे मोबाईल बाजूला ठेवून वाच. तुला "डॉलरमध्ये पगार" म्हणाले ना, बहुतेक ते यूएसडीसी नाहीतर यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी, देतील, आणि तुला एम्प्लॉयी म्हणून घेणार नाहीत, कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेतील. म्हणजे काय, तर पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, आणि आपल्याकडे कायद्याने जी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते ती पण नाही कारण कागदावर तू नोकरीलाच नाहीस. कंपनी केमन आयलंडला रजिस्टर, फाउंडर लिस्बनला, मॅनेजर सिंगापूरला, तू सांगलीला, उद्या कोणी घाणेरडं वागलं तर तक्रार कुठे करणार? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त लोक असतील तिथे अंतर्गत समिती लागते, पण असल्या कंपन्यांत ती शब्दशः कुठेच नसते. माझी एक कलीग गरोदर असताना तिला गोड शब्दांत सांगितलं की तू ब्रेक घे, आपण नंतर बघू, आणि ते नंतर आलंच नाही. दुसरी एक घराच्या लोनसाठी बँकेत गेली, कमाई माझ्यापेक्षा जास्त, पण सॅलरी स्लिप नाही म्हणून मॅनेजरने नवऱ्याचे कागद मागितले. बघ म्हणजे, जगातल्या सगळ्यात आधुनिक नोकरीतून फिरून परत नवऱ्याच्या सहीपाशी. टॅक्सचं पण आधी समजून घे, एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के लागतो, तोटा त्यातून वजा करू देत नाहीत, आणि जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. पगार असा आला तर काय काय दाखवायचं ते चांगल्या सीएला विचार, यूट्यूबवाल्याला नको. जमलं तर पैसे सरळ बँकेतच मागायचे, नोटीस पिरियड लिहून घ्यायचा, आणि रात्रीचे कॉल आठवड्यात किती तेही. प्रोटोकॉलला, म्हणजे चालू असलेल्या या कोडला, शटर नसतं गं, रविवारी पहाटे काही फुटलं तर रविवारी पहाटेच उठावं लागतं, परीला ताप असला तरी.

एवढं ऐकवून पण मी सोडत का नाही, तर मला अफगाणिस्तानची रोया महबूब आठवते. हेरातला तिची सॉफ्टवेअर कंपनी होती, कामाला बऱ्याच मुली, पैसे कमवायच्या पण बँकेत खातं नाही आणि रोख घरी नेली की बाप-भाऊ काढून घ्यायचे. तिने २०१३ च्या सुमारास त्यांना बिटकॉइनमध्ये पैसे द्यायला सुरुवात केली. बिटकॉइनचा भाव वर जातो का खाली यात मला फार रस नाही, पण स्वतःचे पैसे स्वतःच्या किल्लीत, म्हणजे फक्त आपल्याला माहीत असलेल्या गुप्त कोडमागे, हे मला कळतं. अर्थात किल्ली हरवली तर "पासवर्ड विसरलात का" असं बटण पण नाही.

पुढचं विचारशील तर मला कॉइनपेक्षा कागदपत्रांत जास्त काम दिसतं. २०२२ मध्ये गडचिरोलीत एटापल्लीला ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर केली, म्हणजे दाखला खोटा नाही हे कुणालाही तपासता यावं. २०२४ मध्ये केंद्राने 'विश्वस्य' ही सरकारी ब्लॉकचेन व्यवस्था आणली, त्याचं एक सेंटर आपल्या पुण्यात आहे. चांगलं आहे सगळं, पण मला पहिला प्रश्न पडला तो असा की दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, आणि नोंद तर कायमची, मग त्या बाईने काय करायचं? तहसीलच्या लाईनीत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे पहिल्या मिनिटाला सुचतं. आणि उत्तर पण आहे बरं का, झिरो नॉलेज प्रूफ, म्हणजे सगळी माहिती न दाखवता फक्त हवी तेवढीच गोष्ट खरी आहे हे सिद्ध करायचं, पत्ता न देता वय, नाव न देता पात्रता. याचा पाया १९८५ च्या ज्या पेपरात आहे तो लिहिणाऱ्या तिघांत शफी गोल्डवासर आहे, तिला २०१२ चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळालं. हे गणित अवघड आहे, मी सध्या रडत रडत शिकतेय, पण पुढची कामं तिथे आहेत असं मला मनापासून वाटतं. साध्या चुका आता एआयची टूल्स पण पकडतात, त्यामुळे नुसतं चेकलिस्टवालं टेस्टिंग फार दिवस चालेल असं नाही, हे पण खोटं कशाला सांगू.

तर त्या कंपनीला हो पण म्हणू नकोस आणि नाही पण म्हणू नकोस. ड्राफ्ट मागव, आला की मला पाठव, आणि त्यांनी "टेस्ट असाइनमेंट" म्हणून एखादी फाईल डाउनलोड करायला दिली तर घरच्या लॅपटॉपवर अजिबात उघडू नकोस, नोकरीच्या नावाखाली वॉलेट साफ करणारे खूप झालेत. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, परी झोपली की फोन कर.

तुझीच,
मेघी

ता. क. काकूंनी पाठवलेलं मेतकूट संपलं, हे त्यांना सांग म्हणजे झालं.