आतड्यातला स्टेंट: सही करण्यापूर्वी विचारायला हवे असे काही

महोदय,

मिरजेतल्या एका रुग्णालयातून शस्त्रक्रिया विभागाची परिसेविका म्हणून मी निवृत्त झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने पोट तुंबलेले रुग्ण आमच्याकडे बहुधा रात्रीच यायचे. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, वारा सरत नाही, उलटीला घाण वास. नाकातून नळी घालून सलाईन लावेपर्यंत बाहेर सर्जन नातेवाइकांना समजावत असत: आत्ता ऑपरेशन केले तर पोटावर मळाची पिशवी येण्याची शक्यता जास्त, किंवा दुर्बिणीतून स्टेंट टाकून आधी आतडे मोकळे करू, काही दिवसांनी ऑपरेशन. पिशवीचे नाव निघाले की पुढचे कुणाच्या कानात शिरत नसे. ‘सिस्टर, काय बी करा, पण पिशवी नको.’ तेवढ्यावर सही व्हायची.

त्या सहीपूर्वी जे बोलले जायला हवे, त्यासाठी हे पत्र.

हृदयाचा स्टेंट आता सगळ्यांना माहीत आहे. तो कायमचा राहतो, माणूस कामाला लागतो. आतड्याचे तसे नाही. मिटलेली धातूची जाळी गाठीतून पुढे सरकवतात, ती एक-दोन दिवसांत फुलते आणि गाठीला चहूबाजूंनी रेटून वाट करते. पोट मोकळे होते, गाठ मात्र तिथेच असते. या रेट्याने कर्करोगाच्या पेशी रक्तात सुटतात का, ही शंका डॉक्टरांनाच आहे. स्टेंट बसवल्यानंतर रक्तात अशा पेशींच्या खुणा वाढल्याचे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त 2007 मध्येच छापून आले होते. त्याहून मोठी भीती आतडे फाटण्याची. गाठीपाशी भोक पडले तर मळाबरोबर पेशीही पोटात सांडतात. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त दिसले. युरोपच्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने 2014 मध्ये, बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णांत सरसकट स्टेंट टाकू नये, असे सांगितले ते या काळजीपोटीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. थेट ऑपरेशन आणि आधी स्टेंट यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘क्रेस्ट’ चाचणीत 245 रुग्ण होते. बरे होण्याच्या दृष्टीने उपचार घेणाऱ्यांत पिशवी लागण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्के होते, ते स्टेंटमुळे 50 टक्क्यांच्या खाली आले; आणि तीन वर्षांत रोग परतण्यात फरक दिसला नाही. 2020 मध्ये त्याच युरोपीय संस्थेने भूमिका सैल केली: डाव्या बाजूच्या गाठीसाठी हा पर्याय रुग्णाशी बोलून ठरवावा, आणि ऑपरेशन साधारण दोन आठवड्यांत व्हावे. रोग आधीच पसरला असेल, शरीर ऑपरेशन झेपण्यापलीकडे गेले असेल, तर स्टेंटने शेवटचे महिने सुसह्य होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. स्टेंट वाईट आहे असे मी म्हणतच नाही.

दोन आठवडे हाच आपल्याकडचा कच्चा दुवा. शिरोळ तालुक्यातले एक शेतकरी दिवाळीच्या सुमारास आले होते. स्टेंट बसला, दुसऱ्या दिवशी पोट साफ झाले, चौथ्या दिवशी भाकरी मागितली. बायको म्हणाली, ‘आता बरं हाय की, मग कापायचं कशाला?’ ऑपरेशनची तारीख दिलेली होती, पण ते आले ऊस कारखान्याला गेल्यावर. गाठ जाळीतून आत वाढली होती, यकृतावरही डाग होते. ते स्टेंटमुळे आले, थांबल्यामुळे आले की आधीच बारीक होते, कुणालाही सांगता आले नसते. पण हातची वेळ गेली, हे नक्की. त्यांच्या बायकोला ‘बरं हाय’ म्हणजे नेमके किती बरे, हे शांतपणे बसून सांगणारे कुणी तिथे असायला हवे होते.

माझी मागणी साधी आहे. संमतीपत्र मराठीत असावे. हा स्टेंट ऑपरेशनपर्यंतचाच आहे की कायमचा, आतडे फाटले तर रोग पसरू शकतो का, आणि ऑपरेशन कोणत्या तारखेला, हे त्यात लिहिलेले असावे. घरी जाताना बजावून सांगावे, की पोट दुखू लागले, कडक झाले किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता निघून यायचे. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगावरचे औषध चालू असेल किंवा पुढे द्यायचे असेल तर तेही आधीच बोलावे, कारण त्याने स्टेंटच्या जागी आतडे फाटण्याचा धोका वाढतो.

आणि पिशवीची एवढी धास्ती नको. पुष्कळांची ती काही महिन्यांनी काढता येते, ज्यांची राहते तेही कामधंदा करतात. पिशवी लावून पंढरीची वारी चालून आलेले आजोबा आमच्याच वॉर्डातले होते. रात्री सही करायला बसलेल्या मुलाला असा एखादा माणूस भेटवता आला, निदान फोनवर, तर तो घाबरून नव्हे, विचार करून ठरवील. प्रत्येक शस्त्रक्रिया विभागाने अशा तयार असलेल्या जुन्या रुग्णांची यादी ठेवावी. त्याला खर्च काहीच नाही.

– एक निवृत्त परिसेविका, मिरज