सुटी सिगारेट आधी थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त एसटी चालक. रात्रीच्या सातारा-मुंबई फेरीत डोळा लागू नये म्हणून धरलेली बिडी २६ वर्षं सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी पहाटे डाव्या खांद्यात कळ आली, बनियन घामाने चिंब. दोन स्टेंट बसले. धुराने रक्तवाहिनीचं अस्तर खराब होतं, गुठळी लवकर धरते. बिडी सोडली तर वर्षभरात धोका बराच उतरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मंडळी काहीच बोलली नाहीत. माझ्या खिशातली काडेपेटी काढून देवाजवळ ठेवली. आजही ती निरांजनापुरतीच उघडते.

पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. चहा झाला की हात खिशाकडे जायचाच. पाकिटावरच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोललो, त्याचा खूप आधार झाला.

राज्यात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीला २०२० पासून बंदी आहे. तरी स्टँडसमोरच्या टपरीवर कॉलेजची पोरं एकेक सिगारेट घेतात, सुतळीला टांगलेल्या लायटरवर पेटवतात. अख्खं पाकीट त्यांना परवडत नाही, सुटी मिळते म्हणूनच सुरुवात होते. माझीही तशीच झाली होती. संबंधितांनी या टपऱ्यांवर तातडीने कारवाई करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त चालक, सातारा