आईच्या भोंडल्यावर गूचचे स्वीप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दूरदर्शनवर लेख आला होता, मस्त होता, फक्त शेवटी "आता ते कार्यक्रम कुठे बघायला मिळणार" म्हणून हळहळ करून सोडून दिलंय ते काही पटलं नाही. अहो, त्यातले कितीतरी लोकांच्या माळ्यावर पडलेत, व्हीएचएस कॅसेटमध्ये, आणि दर पावसाळ्यात त्यांना बुरशी लागतेय.

आमचंच सांगतो. ८५-८६ च्या सुमारास आम्ही डोंबिवलीला होतो आणि मामाने मस्कतहून व्हीसीआर आणला होता, नुसता कॅसेट दाखवणारा व्हीसीपी नाही हां, रेकॉर्ड होणारा, त्यामुळे चाळीत आमचा जरा भाव होता. बाबा टायमर लावून ऑफिसला जायचे आणि मधे लाइट गेली की घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं, रेकॉर्डिंग गेलं बोंबलत. तर ८७ च्या नवरात्रात आईच्या महिला मंडळाचा भोंडला मुंबई दूरदर्शनवर दाखवला होता, आई पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतेय, तो बाबांनी रेकॉर्ड केला, आणि कॅसेटच्या कडेची ती छोटी प्लॅस्टिकची टाच तोडायची राहिली. ती तोडली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डच करत नाही (परत करायचं असेल तर त्या खाचेवर सेलोटेप लावायची, एवढं सोपं). ५ नोव्हेंबरला वानखेडेवर वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत-इंग्लंड, भावाने हाताला लागेल ती कॅसेट टाकली आणि आईच्या भोंडल्यावर ग्रॅहम गूच स्वीप मारत सुटला, ११५ केल्या त्याने, आपण ३५ रननी हरलो, म्हणजे गेलं तेही आणि मिळालं तेही असलं. नशीब मधेच लाइट गेली आणि रेकॉर्डिंग थांबलं, म्हणून पुढची चार मिनिटं वाचली. त्यात आई दोनदा दिसते. आई आता नाहीये, म्हणून त्या चार मिनिटांचं काय ते आम्हालाच माहीत.

बाबा रिटायर झाल्यावर सगळं सामान चिपळूणला आलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातल्या वीसेक कॅसेट चिखलात गेल्या आणि आम्ही काय करावं, तर धुऊन पापडासारख्या उन्हात वाळत घातल्या! नंतर एका जाणकाराने डोक्याला हात लावला. उन्हाने कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं आणि आतली टेप सुरकुतते, आणि चिखल वाळला की टेपचे थर एकमेकांना चिकटतात. भिजलेली टेप डिस्टिल्ड वॉटरने धुवायची असते आणि सावलीत गार हवेत वाळवायची असते, तेही चिखल सुकायच्या आत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर.

माळ्यावरच्या वाचल्या पण त्यांना बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून बघा, रिळाच्या कडेला पांढरं कापसासारखं दिसलं तर ती मशीनमधे अजिबात घालू नका, बुरशी मशीनच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) जाते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते, आम्ही असंच करून दोन घालवल्या. ज्या बऱ्या आहेत त्या पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको, स्पीकरजवळ नको (आत लोहचुंबक असतं), बाथरूमच्या भिंतीला लागून नको आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पण हे झालं आजारी माणसाला उशी देणं, खरा उपाय म्हणजे डिजिटल करून घेणं आणि तेही लवकर, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता जे काही आहे ते जुनं आणि दुरुस्त केलेलं. शिवाय तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

दुकानात देताना मात्र बोलून घ्या. आम्ही एका ठिकाणी दिल्या तर त्याने चित्र ओढून रुंद स्क्रीनला बसवलं, सगळी माणसं जाडी झाली, आणि वर कौतुकाने सांगतो की जाहिराती आणि निवेदिका कापून साफ करून दिलंय! अरे तेच तर बघायचं होतं. आणि पेन ड्राइव्हवर एकच कॉपी ठेवून निश्चिंत होऊ नका. आमच्या दोन हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक नाशिकला ताईकडे, कारण पूर काय परत येणारच.

हल्लीच्या सेट टॉप बॉक्सच्या रेकॉर्डिंगवर तर मुळीच विसंबू नका, ते त्या बॉक्सला बांधलेलं असतं, बॉक्स बदलला की आतलं सगळं कंपनीसोबत परत.

घरी रेकॉर्ड करणं गुन्हा आहे का असं शेजारचे काका विचारत होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला सूट आहे, तेच यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. आणि घरच्या रेकॉर्डिंगचं मोल काय ते बघा, बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात स्वतःच्याच टेपा पुसल्या, त्यांच्या 'डॉक्टर हू' मालिकेचे बरेच भाग कायमचे गेले, तरी त्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर ठेवून तो टिपला होता.

म्हणून वरळीच्या दूरदर्शन केंद्राला तुमच्या पेपरातून एकच विनंती, लोकांकडच्या अशा कॅसेट महिनाभर उसन्या घेऊन उतरवून परत द्यायची काहीतरी सोय करा. आमच्या अडतीस आहेत, गाडीखर्च आमचा. फक्त गूचवाली देताना मी सोबत येणार, ती एकटी सोडणार नाही.

आपला एक जुना वाचक,
चिपळूण